वाक्यपृथक्करणाची शिकवणी

सकाळची ड्यूटी संपवून सिस्टर घरी आली की आधी दाराशी ठेवलेल्या स्टुलावर बसायची, बूट काढायची आणि मग उठायचं सोडून तशीच बसून राहायची. पाय भरून आलेले असायचे. बूट काढल्यावर ते आणखीच ठणकायचे, जणू इतका वेळ तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं आणि आता मिळालं. वॉर्डात तीसेक पेशंट, दोन सिस्टर, आणि त्या दोघींपैकी एक बहुतेक वेळा आजारी. घरून निघताना बाटलीत भरून नेलेलं पाणी दुपारी तसंच्या तसं परत यायचं, कारण पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि तेवढा वेळ वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडायचा?

स्टुलावरून उठायच्या आधीच आतून हाक यायची.

"आलीस का गं? हातपाय धू, दोन घोट पाणी पी आणि ये. आजचं वाक्य अगदी सोपं आहे."

आजचं वाक्य कधीही सोपं नसायचं.

हाक मारणारे तिचे सासरे. अख्खी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना मास्तरच म्हणत, जसं तिला सिस्टर म्हणत. नवरा चेष्टेने म्हणायचा, "घरात एक मास्तर, एक सिस्टर, मीच काय तो बिनहुद्द्याचा." तो औषधांच्या गोदामाची गाडी चालवायचा, आणि दिवसभर रहदारीत अडकूनही त्याचा स्वभाव काही आंबला नव्हता.

ही शिकवणी सुरू कशी झाली ते सांगायचं तर आधी सासूबाईंबद्दल सांगायला हवं. घरातलं बोलणारं माणूस म्हणजे त्या. सासूबाई बोलायच्या आणि मास्तर "हं" म्हणायचे, असा त्यांचा जन्मभराचा संसार. त्यांच्या "हं"चेही प्रकार होते आणि ते फक्त सासूबाईंना कळायचे. गेल्या वर्षी त्या गेल्या. सिस्टरच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर, आठवड्याभराच्या दुखण्याने. त्यानंतर मास्तरांनी तोंडात गुळणी धरली ती धरलीच. समोरून बोलणारंच कुणी नाही म्हटल्यावर "हं" तरी कशाला म्हणायचं? जेवायला बोलावलं की येत, वाढलेलं खात, ताट उचलून ठेवत. दाढी मुलाने आठवण करून दिली तर. नवऱ्याने काय काय करून पाहिलं: नवा रेडिओ आणला, कुंड्या आणल्या, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळ जाऊ द्या. वेळ जात होता आणि मास्तर होते तिथेच होते.

त्यातच सिस्टरने परदेशातल्या नोकरीसाठी अर्ज करायचं काढलं. तिला परदेशाचं वेड होतं अशातला भाग नव्हता. एजन्सीतल्या बाईंनी माहिती देता देता सहज सांगितलं होतं की तिथे एका सिस्टरकडे सहा पेशंट असतात. सिस्टरला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा विचारलं. सहाच.

"सहा म्हणजे त्यांची नावं पाठ होतील," ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. "कसं वाटतंय विचारल्यावर उत्तर ऐकायलाही थांबता येईल."

"मग भर अर्ज," नवरा म्हणाला. "गाडी काय, मी कुठेही चालवीन. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालवायची असेल तर दोन दिवस जास्त लागतील, इतकंच."

अडचण एकच होती, ती तिने जेवताना सांगितली. "इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल. तिथेच घोडं अडणार आहे माझं."

मास्तरांनी ताटातून मान वर केली. "व्याकरण कसं आहे?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. इतक्या महिन्यांत बाबांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"कच्चंच आहे, बाबा," ती म्हणाली. मान ठेवायला म्हणाली, आणि ते खरंही होतं.

"उद्यापासून दुपारी बसत जा."

दुसऱ्या दिवशी ती आली तर जेवणाचं टेबल पुसून लख्ख केलेलं. जुन्या कॅलेंडरची पानं कापून कोरी बाजू वर करून ठेवलेली. दोन टोकदार पेन्सिली, आणि एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी एक वेगळी. पहिल्या पानावर रेखीव अक्षरात एक वाक्य: "द डॉक्टर सेड दॅट दॅट पेशंट वॉज द वन दॅट हॅड कम फर्स्ट." सगळ्यांच्या आधी आला तो तोच पेशंट, असं डॉक्टर म्हणाले. एवढाच अर्थ.

"यात 'दॅट' किती?" मास्तरांनी विचारलं.

"तीन."

"तिघांची जात एकच?"

तिने वाक्याकडे पाहिलं. तीन दॅट सारखेच दिसत होते. "एकच," ती म्हणाली.

"फसलीस!" मास्तर चक्क खूश झाले. "हा दॅट महालबाड. पहिला उभयान्वयी अव्यय, दोन वाक्यांना जोडून देणारा मध्यस्थ. दुसरा विशेषण, तो पेशंटकडे बोट दाखवतो. तिसरा सर्वनाम, आधीच्या 'वन'ची जागा चालवतो. चेहरा तोच, कपडे तेच, काम वेगळं. शब्दाची जात त्याच्या तोंडाकडे बघून नाही ठरवायची सूनबाई, तो त्या वाक्यात काय काम करतो ते बघून ठरवायची. नुसती पाटी लावून भागत नाही. तुमच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या साहेबांनाही सांग हे."

ती हसली. सासरे थट्टा करू शकतात, हे तिला लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी कळलं. संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मास्तर त्याला दॅटची हकिगत सांगत होते, आणि तो हातातली किल्लीही न ठेवता दारात उभा राहून ऐकत होता.

मग रोजचंच झालं. आधी प्रत्येक शब्दाखाली त्याची जात लिहायची. ते झालं की वाक्याची फोड. मुख्य वाक्याखाली लाल रेघ, गौण वाक्याखाली निळी. गौण वाक्य कोणत्या प्रकारचं हे ओळखायची मास्तरांची एक रीत होती. क्रियापदाला "काय" असं विचारल्यावर उत्तर म्हणून जे अख्खं वाक्य पुढे येतं ते नामवाक्य. नामाला "कोणता" विचारल्यावर येतं ते विशेषणवाक्य. आणि केव्हा, कुठे, का, कशासाठी, असल्या सगळ्या चौकशांना उत्तर देणारं ते क्रियाविशेषणवाक्य. "विचारत जायचं," मास्तर म्हणायचे. "वाक्य कधी खोटं बोलत नाही. आपल्याला विचारायचा कंटाळा, म्हणून आपण चुकतो."

दुसऱ्याच आठवड्यात कपडे बदलायच्या खोलीत ऑपरेशन थिएटरमधली तिची मैत्रीण भेटली. ती ही परीक्षा देऊन आली होती. तिने कपाटातून नमुन्याच्या प्रश्नपत्रिका काढून दिल्या. सिस्टरने तिथेच बाकावर बसून त्या चाळल्या. ऐकून उत्तरं लिहा. वाचून उत्तरं लिहा. पेशंटची माहिती दुसऱ्या डॉक्टरांना कळवणारं पत्र लिहा. आणि शेवटी समोर बसलेला परीक्षक पेशंट होणार, त्याच्याशी बोला.

"व्याकरण कुठे आहे?" सिस्टरने विचारलं.

"कुठलं व्याकरण?"

"शब्दांच्या जाती. मुख्य वाक्य, गौण वाक्य."

मैत्रिणीने बुटाची नाडी बांधता बांधता तिच्याकडे पाहिलं. "हे कोण शिकवतंय तुला? शाळेतली पोरंसुद्धा करत नाहीत आता हे. सोड ते."

सोडायचं ठरवूनच ती घरी आली. काय आणि कसं बोलायचं ते तिने बसमध्ये मनाशी घोळवूनही ठेवलं होतं. दारात नवरा भेटला. तो मधल्या सुट्टीत जेवायला आला होता.

"आत जाऊन बघ," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाबांनी आज आपणहून दाढी केली. आणि समोरच्या दुकानात जाऊन नवं खोडरबर आणलं. तो दुकानदार माझ्याकडे आला होता सांगायला, मास्तर हसले म्हणून."

सिस्टरने बूट काढले. आतून हाक आली. ती गेली आणि बसली.

तेव्हापासून तिच्या दोन शिकवण्या सुरू झाल्या, एक उघड आणि एक चोरून. बसमध्ये कानात इयरफोन घालून ती परीक्षेचं ऐकायची. स्वयंपाक करताना पुटपुटायची. नवऱ्याला पेशंट व्हायला सांगायची, पण त्याला हसू आवरायचं नाही. तो प्रत्येक वेळी मरायलाच टेकायचा. आणि दुपारी, जो एक तास तिला पाठ टेकायला मिळायचा, त्या तासात ती लाल-निळ्या रेघा मारत बसायची. डोळे मिटायचे, शब्द एकमेकांवर चढायचे. एकदा तर "आफ्टर"ची जात सांगता सांगताच ती टेबलावर डोकं ठेवून झोपून गेली. जाग आली तेव्हा मास्तर समोर तसेच बसले होते आणि खिडकीतून तिच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला त्यांनी खुर्ची सरकवून घेतली होती. "आफ्टर नंतर बघू," ते म्हणाले.

या असल्या वागण्यामुळे तर खरं सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं. महिने गेले. परीक्षेची तारीख आली, पंधरा दिवसांवर.

त्या दिवशी वॉर्डात दोन पेशंट गेले. दुसऱ्याच्या नातेवाइकांनी आरडाओरडा केला, एक जण तिच्या अंगावर धावून आला, आणि हे सगळं होत असताना तिसरा पेशंट तिला हाका मारत राहिला, त्याला फक्त उशी हवी होती. घरी येऊन ती स्टुलावर बसली तेव्हा तिला रडूही येत नव्हतं, इतकी ती दमली होती.

"ये, ये," मास्तर म्हणाले. "आज झकास वाक्य काढलंय. तुझ्याच कामातलं."

"द वूमन हू हॅड बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग आस्क्ड व्हेदर द डॉक्टर हूम शी हॅड कम टु सी वुड रिटर्न बिफोर इट गॉट डार्क." सकाळपासून वाट पाहणाऱ्या बाईने विचारलं, की आपण ज्यांना भेटायला आलो ते डॉक्टर अंधार पडायच्या आत परत येतील का.

तिने पेन्सिल घेतली. शब्दांच्या जाती लिहीत गेली.

"थांब. सिन्सखाली काय लिहिलंस?"

"उभयान्वयी."

"सिन्सच्या पुढे काय आहे? मॉर्निंग. त्यात क्रियापद आहे का? नाही. मग तो जोडणार कुणाला? शब्दयोगी आहे तो इथे. पूस."

तिने पुसलं. रेघा मारल्या.

"आता हे 'व्हेदर'पासूनचं. क्रियाविशेषणवाक्य कसं? आस्क्डला विचार. काय विचारलं? मग नामवाक्य की नाही? काल झालंय हे, परवाही झालंय. लक्ष कुठे आहे तुझं?"

"बाबा, हे परीक्षेत विचारत नाहीत."

बोलून गेल्यावर तिलाच ते ऐकू आलं. आवाज चढलेला नव्हता. एखाद्या पेशंटचा ताप सांगावा तसा सपाट आवाज.

"म्हणजे? नामवाक्य विचारत नाहीत?"

"यातलं काहीच विचारत नाहीत. जाती नाही, पृथक्करण नाही. ऐकायचं असतं, पत्र लिहायचं असतं, आणि बोलायचं असतं."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायलाही ताकद लागते. "दुसऱ्या आठवड्यात," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. टेबलावरची पानं गोळा केली, कडा ठोकून सारख्या केल्या आणि ती घेऊन आपल्या खोलीत गेले. सिस्टर तिथेच बसून राहिली. त्यांच्या मागे जावं असं तिला वाटत होतं. उठून खोलीपर्यंत जायचं म्हणजे सातआठ पावलं. तिच्याने ती टाकवली नाहीत.

संध्याकाळी नवऱ्याला कळलं. तो पहिल्यांदाच चिडला. "इतके दिवस ओढलंस ना? आणखी पंधरा दिवस नाही ओढता आलं?"

"नाही आलं," ती म्हणाली.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्याने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि राहिलेली भांडी स्वतः घासली, जरा जास्तच आपटत.

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. बोलावलं की मास्तर येत, खात, ताट उचलून ठेवत. दुपारी हाक येईनाशी झाली. सिस्टरला आता दुपारी झोपायला मिळत होतं आणि झोप लागत नव्हती.

असे काही दिवस गेले. एका दुपारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, समोर प्रश्नांची कार्डं मांडून पुटपुटत होती. मास्तर दारात येऊन उभे राहिले.

"दाखव. काय विचारतात ते तरी कळू दे."

तिने एक कार्ड दिलं. ऑपरेशनला घाबरणारा वयस्क पेशंट आहे, त्याला समजावून सांगा. मास्तरांनी ते दोनदा वाचलं, मागची बाजूही पाहिली. तिथे काही नव्हतं.

"पेशंट कोण होतं?"

"कुणी नाही. तुमच्या मुलाला जमत नाही. तो मरतो."

मास्तरांच्या ओठांच्या कडेला किंचित काहीतरी हललं. ते खुर्ची ओढून बसले. "मी होतो. विचार."

"गुड मॉर्निंग. हाऊ आर यू फीलिंग टुडे?"

मास्तरांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. शब्द फुटेना. कपाळावर आठी पडली. जन्मभर त्यांनी इंग्रजी फळ्यावर लिहिलं होतं, तपासलं होतं, फोडून दाखवलं होतं. समोरच्या माणसाने कसं वाटतंय म्हणून विचारलं आणि त्याला उत्तर दिलं, असं कधी घडलंच नव्हतं. घडायला समोर होतं कोण?

"थांब," ते मराठीत म्हणाले. "वाक्य तयार होऊ दे."

ती थांबली. वॉर्डात तिला असं थांबता यायचं नाही. बऱ्याच वेळाने मास्तर म्हणाले, "आय एम अफ्रेड दॅट द ऑपरेशन, व्हिच द डॉक्टर हॅज सजेस्टेड, विल नॉट बी सक्सेसफुल." एकही चूक नाही. पण तेवढ्याने त्यांना धाप लागली होती.

"डोन्ट वरी," ती म्हणाली. "द डॉक्टर इज व्हेरी गुड. यू आर सेफ हिअर." तिची वाक्यं तोकडी, तीन-चार शब्दांची. पण ती भराभर यायची.

दुपारची शिकवणी अशी पुन्हा सुरू झाली, आणि आता घाम मास्तरांना फुटायचा. ते कधी पाय मोडलेले पेशंट व्हायचे, कधी मधुमेहाचे, कधी पेशंटचे नातेवाईक. सिस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. हळूहळू त्यांची वाक्यं आखूड झाली. एकदा ते नुसतंच "इट हर्ट्स" म्हणाले आणि आपल्याच धिटाईचं त्यांना नवल वाटलं.

परीक्षेला दोन-तीन दिवस उरले होते. कार्डावर होतं, पेशंटच्या नवऱ्याला तिच्या प्रकृतीची माहिती द्या. मास्तर नवरा झाले. सिस्टरने ठरलेली सुरुवात केली, खुर्चीवर बसा म्हणाली, काही विचारायचं असेल तर विचारा म्हणाली.

मास्तर बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. वाक्य तयार होत असेल म्हणून ती थांबली.

"व्हेन माय वाइफ वॉज इन युअर हॉस्पिटल," ते सावकाश म्हणाले, "डिड यू नो दॅट शी वुड नॉट कम होम?"

माझी बायको तुझ्या हॉस्पिटलात होती तेव्हा ती घरी येणार नाही, हे तुला माहीत होतं का?

कार्डावर असं काही नव्हतं. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. ते पेशंटच्या नवऱ्याचं काम करत नव्हते. हा प्रश्न त्यांनी मराठीत वर्षभर विचारला नव्हता.

"येस," ती म्हणाली. "आय न्यू."

"फ्रॉम व्हेन?"

"फ्रॉम मंडे."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नंतर बोलले ते मराठीतच. "सोमवारी रंगारी आला होता."

सिस्टरला ठाऊक होतं. सासूबाई घरी येतील, त्यांना प्रसन्न वाटावं, म्हणून मास्तरांनी त्या आठवड्यात खोली रंगवायला काढली होती. सकाळी हॉस्पिटलात डोकावून लगेच घरी परतायचे, कारण रंगाऱ्याच्या मागे उभं राहिलं नाही तर तो कोपरे सोडतो. शनिवारी खोली तयार झाली. सासूबाई त्याच्या आदल्या दिवशी गेल्या.

"सोमवार, मंगळवार, बुधवार," मास्तर म्हणाले. "मी भिंतीला कोणती छटा द्यायची ते ठरवत होतो. तू रोज घरी येत होतीस. मला रंगाचे डबे उचलताना बघत होतीस."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी जिन्यात गाठून तिला सांगितलं होतं, तुम्हाला कळलंच असेल म्हणून. तिने ते कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आज सांगू, उद्या सांगू, तपासणीचा शेवटचा अहवाल येऊ दे मग सांगू. घरी आलं की मास्तर विचारायचे, हा पिवळा फार भडक नाही ना होणार? आणि ती म्हणायची, नाही होणार.

"दिवसभर लोकांना हेच सांगत असते मी," ती म्हणाली. "घरी येऊन पुन्हा तेच सांगायचा धीर झाला नाही. दुसरं कारण नाही काही. असतं तर सांगितलं असतं."

मास्तर उठले. चपला घातल्या आणि बाहेर गेले. सिस्टर स्वयंपाकघरात बसून राहिली. नवरा आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मलाही नाही सांगितलंस," आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने गाडीची किल्ली उचलून बापाला शोधायला गेला. मास्तर जवळच्याच बागेत बाकावर होते. दोघं घरी आले ते एकमेकांशी न बोलता. जेवणं झाली. त्या दिवशी कुणी कुणाची समजूत काढली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली. बूट काढले. आतून हाक आली नाही, पण ती आत गेली तेव्हा मास्तर टेबलापाशी बसले होते आणि कार्डं त्यांच्यासमोर होती.

"आज कोणतं?" त्यांनी विचारलं. आवाज कोरडा होता. त्यांनी सगळी कार्डं पुरी करून घेतली. ते पेशंट झाले, नातेवाईक झाले, एकदा उद्धट डॉक्टरही झाले. मध्ये एक अवाक्षरही इकडचं तिकडचं नाही. सिस्टरला वाटलं, ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

परीक्षा झाली. बोलण्यात ती सहज निघाली, ऐकण्यात आणि वाचण्यातही. पत्र लिहिण्यात मात्र थोडक्यात राहिली. मैत्रीण म्हणाली, असं पुष्कळांचं होतं, तेवढा एक भाग पुन्हा दे. सिस्टरने लिहिलेलं सरावाचं पत्र घरी मास्तरांनी मागून घेतलं. पेशंट आला. त्याला ताप होता. त्याला औषध दिलं. तो झोपला. अशी ती इंग्रजी वाक्यं एकाखाली एक उभी होती.

"ही सगळी सुटी सुटी उभी आहेत," मास्तर म्हणाले. "कुणाचा कुणाशी संबंध नाही. ज्याला ताप होता तो पेशंट, औषध दिल्यावर झोपला. असं म्हणता येतं. घे पेन्सिल."

पुढचे दोन महिने त्यांनी तिच्याकडून उलटं काम करवून घेतलं. फोडायचं नाही, जोडायचं. दुसऱ्या वेळी ती पास झाली. जोडल्यामुळे झाली की त्या खेपेला पेपरच सोपा होता, हे सांगणं कठीण. मास्तरांनी निकाल ऐकला आणि "हं" म्हणाले. कसला "हं" होता तो, ते ओळखणारं माणूस आता घरात नव्हतं. पण नवरा म्हणाला, चांगला होता.

ठरलं असं की सिस्टरने आधी जायचं, नवऱ्याने तिकडे काम मिळालं की मागून. मास्तरांनी यायला साफ नकार दिला. "तिथे रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा इंग्रजीत भुंकणार. मी कुणाला काय शिकवू?" नवरा गेल्यावर ते धाकट्या बहिणीकडे राहणार होते. ती विधवा होती, एकटी होती, आणि सासूबाईंच्याही वरताण बोलायची.

निघायच्या आदल्या दुपारी सिस्टर बॅग भरत होती. मास्तर आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. तिने घडी घातलेला एक युनिफॉर्म उचलून त्यांनी उगाच पुन्हा नीट केला.

"तो आठवडा अजून माझ्या मनातून जात नाही," ते म्हणाले. "मी प्रयत्न करतो. जात नाही."

"माहीत आहे, बाबा."

"तू वाईट हेतूने केलंस असं मी कधी म्हटलं नाही."

"मला तर चांगल्या हेतूने केलं असंही म्हणवत नाही."

 खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा त्याला ओरडून सांगत होता, अजून घे, अजून घे.

"तिकडे सहाच पेशंट ना तुझ्याकडे?" मास्तरांनी विचारलं.

"सहा म्हणालेत खरे."

"मग नातेवाइकांना वेळेवर सांगत जा."

"सांगेन."

त्यांनी मान हलवली आणि युनिफॉर्म बॅगेत ठेवला. मग चेन लावताना बॅग दाबून धरायला लागणार होतं, म्हणून उठून दोन्ही हातांनी झाकण दाबून उभे राहिले. चेन एका कोपऱ्यात अडकली. दोघांनी मिळून ती मागेपुढे करत करत लावली.

सकाळी नवऱ्याने गोदामाची गाडी मागून आणली होती. मास्तर दारापर्यंत आले, विमानतळावर आले नाहीत. वॉर्डातली शेवटची ड्यूटी, बांधाबांध, निरोप, कागदपत्रांच्या खिडक्या, सगळं करून सिस्टर विमानातल्या आपल्या जागेवर बसली. पट्टा कसा बांधायचा ते सांगायला हवाई सुंदरी पुढे येऊन उभी राहिली, आणि तिचं बोलणं संपायच्या आत सिस्टरचा डोळा लागला होता.